उसनं माप

१

जावईबापू, आधी मला एक सांगा. माणसानं विश्वास कशावर ठेवावा? समोरच्याच्या चेहऱ्यावर, शब्दावर, की हातावर? घाईनं उत्तर देऊ नका. मी तीस वर्षं या काउंटरमागे उभा आहे आणि माझं उत्तर तीनदा बदललंय.

उद्यापासून दुकान तुम्ही बघणार. किल्ल्या दिल्या, कुठल्या कपाटाचं दार जरा उचलून ढकलावं लागतं ते दाखवलं, कोणतं गिऱ्हाईक चहा पाजला की घासाघीस विसरतं तेही सांगितलं. माप-वही तेवढी द्यायची राहिली आहे. ती नुसती हातात ठेवून चालणार नाही, म्हणून लिहायला बसलो. तोंडानं सांगितलं असतं, पण तुमच्या सासूबाई घरात असताना हा विषय निघत नाही, आणि त्या घरात नाहीत असं कधी होत नाही.

मी शाळेत फार टिकलो नाही. जे काही येतं ते गिऱ्हाइकांनी शिकवलं, आणि त्यांनी फी चांगलीच घेतली. आपला धंदा हातावर बेतलेल्या सुऱ्यांचा. आजच्या काळात लढाईचा सुरा कोण घेतं, असं तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलं होतंत. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर आपले शंभरातले नव्याण्णव सुरे भिंतीवरच लढतात. एक बँकेचे मॅनेजर होते, डोंगराएवढा माणूस. दहा इंची पातं हवं म्हणून दोन महिने थांबले. सुरा घरी नेला आणि खोक्याची सुतळी कापताना स्वतःचा अंगठा कापून घेतला. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून हजर. म्हणाले, "धार जरा कमी करून मिळेल का?"

मागच्या खोलीतून आवाज आला, "साहेब, त्याला चमचा म्हणतात."

तो आवाज तुमच्या मामासासऱ्यांचा. तुम्हाला ते गप्प माहीत आहेत, खिडकीशी बसलेले, उजवा हात उशीखाली. तेव्हा तसे नव्हते. तुमच्या सासूबाईंचा हा धाकटा भाऊ कानशीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला थट्टेनं पोलाद म्हणायचे. मला तो दाजी म्हणतो. दुकान माझ्या नावावर होतं, पण चालत होतं त्याच्या उजव्या हातावर. हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, पण त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. असा मेहुणा मिळायला नशीब लागतं, आणि माझ्यासारखा दाजी मिळायलाही लागतं. दोन्ही नशिबं सारखी नसतात.

२

आपल्या दुकानाची पत एका वाक्यावर उभी आहे: मापाशिवाय मूठ नाही. तयार मुठीचा सुरा म्हणजे दुसऱ्याची चप्पल. घालता येते, पळता येत नाही.

म्हणून मी गिऱ्हाइकाला समोर बसवतो आणि म्हणतो, "हात द्या." कॅलिपर लावून तीन मापं घेतो. तळव्याची रुंदी, मधल्या बोटाची लांबी, आणि अंगठा मधल्या बोटाला जुळवला की होणारा घेर. मग कोमट मेणाचा गोळा त्याच्या हातात ठेवतो. "समोरून कुणी अंगावर येतंय असं समजा, आणि आवळा." तीन श्वास. मेणावर जी मूठ उमटते तिच्यावरून पोलाद लाकूड कोरायचा. भले भले लोक बोलताना मोठे वाटतात आणि मेणात लहान निघतात.

हे सगळं माप-वहीत जातं. नाव, तारीख, तीन मापं, आणि शेवटी एक अरुंद रकाना आहे. त्याच्या डोक्यावर मी लिहिलंय, 'हात कुणाचा'. कधी कुणी भावासाठी सुरा करून घेतं, कधी सासऱ्यासाठी. पैसे एकाचे, हात दुसऱ्याचा. नंतर घोळ नको म्हणून तो रकाना.

सहा वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी दुपारी तो माणूस आला. त्या दिवशी मी फार थकलो होतो. कारण विचाराल तर काही नाही. बरीच वर्षं उभं राहिल्याचा थकवा एखाद्या बुधवारी एकदम येतो, आणि मग माणूस जे सोपं असेल ते करतो.

नीटनेटका माणूस. पुसलेले बूट, करडा कोट, चेहरा असा की बघता बघता विसरावा. त्यानं डाव्या हातानं दार उघडलं, डाव्या हातानं खुर्ची ओढली. उजवा हात कोटाच्या खिशात.

"सुरा हवाय," तो म्हणाला. "लढायचा."

"भिंतीवर की हातात?" मी नेहमीची थट्टा केली.

"हातात."

नाव विचारलं तर म्हणाला, "नाव काय करायचंय, मी बुधवारी येत जाईन." अशी गिऱ्हाइकं असतात. मी नावाच्या रकान्यात 'बुधवार' लिहिलं आणि म्हटलं, "बरं, हात द्या."

खिसा हलला नाही. मला वाटलं, काही दुखापत असेल, बोट नसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, आपण कशाला उघडायला लावायची.

"डावखुरे आहात का?"

"नाही, सुरा उजव्या हाताचाच. माझा हात राहू द्या. तुमच्याकडे असेल तो चालेल."

हे वाक्य मी तेव्हा साधं ऐकलं. याला नमुन्याच्या मापावर मूठ चालेल, असं समजलो. परत पाठवायला हवं होतं. उलट मी मागे हाक मारली, "पोलाद, इकडे ये रे, हात दे जरा." अंगकाठी साधारण सारखीच होती, म्हटलं भागेल.

पोलाद हात पुसत आला, माझ्यासमोर बसला. "दाजी, मला भेट देताय की काय? सांगून द्या, नाहीतर धक्क्यानं मरेन." मी मापं घेतली. तळवा शहाऐंशी मिलिमीटर. त्यानं मेण आवळलं, तीन श्वास, आणि गेला मागे.

माणूस सगळा वेळ त्याच्या हाताकडे बघत होता. कपाटातल्या सुऱ्यांकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"चांगला हात आहे," तो म्हणाला. "कुणाचा?"

आता बघा, जावईबापू. दुकानदाराच्या जिभेला एक वळण पडलेलं असतं. दुकान तुमचंच आहे, खुर्ची तुमचीच आहे, पाणी घ्या, तुमचंच घर समजा. दिवसातून वीस वेळा हे तोंडातून जातं आणि त्यात आपण काहीही देत नसतो. त्याच वळणानं मी म्हणालो, "तुमचाच समजा."

"मग वहीत तसं लिहा."

वहीत 'मेहुण्याचा' लिहायला हवं होतं. पण इतकी वर्षं छाती ठोकून 'मापाशिवाय मूठ नाही' म्हणणाऱ्या माणसाच्या वहीत उसनं माप कसं दिसायचं? मी शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'गिऱ्हाइकाचा'. त्यानं वाकून वाचलं. शाई वाळेपर्यंत थांबला आणि मग गेला.

३

पातं छान उतरलं. पोलाद लोखंडावर दोन आणि रिकाम्या ऐरणीवर एक असा ठोका टाकायचा, ठण ठण टिंग. मी काउंटरवरून नुसत्या ठोक्यावर सांगायचो की काम कुठवर आलंय. तापलेल्या पात्याला पाणी पाजलं तेव्हाचा आवाजही चोख होता, एकच लांब श्वास. तडा नाही, वाक नाही.

मुठीपाशी गाडं अडलं.

"दाजी, जरा इकडे या," त्यानं हाक मारली.

मागची खोली तुम्ही पाहिली आहे. चार पावलांचा बोळ, मग भट्टी, ऐरण, दगडी कुंडीत पाणी, आणि खिडकीला एका काचेच्या जागी पत्रा. पोलाद खिडकीपाशी सुरा धरून उभा होता. धरून म्हणजे काय, नव्या चपलेत पाय घालून बघावा तसा हात आत बाहेर करत होता.

"बसत नाही."

"अरे, तुझ्याच मुठीवरून केलीय."

"तेच तर म्हणतोय."

मी मेणाची मूठ घेतली, लाकडाशी ताडून पाहिली. खाच न् खाच जुळत होती. लाकडाची काही चूक नव्हती. मग मी मेणच त्याच्या हातात दिलं. "आवळ." त्यानं आवळलं. माणसाची बोटं स्वतःच्या ठशात पाणी भांड्यात बसावं तशी बसतात. त्याची बसली नाहीत. करंगळीपाशी फट राहिली, सुतभर. अंगठा खाचेच्या अलीकडेच थांबला.

"बारीक झालायस तू," मी म्हणालो.

"आणखी बारीक झालो तर ताई मला सुईत ओवेल."

दोघंही हसलो. मेण थंडीनं आखडतं, उन्हानं सैल होतं, हे मी त्याला समजावून सांगितलं. मेण आखडलं असतं तर त्याच्या हाताला ते घट्ट झालं असतं, ढिलं नव्हे. हे माझ्या लक्षात आलं ते बोळातून परत येताना. मी मागे वळलो नाही. तो कामात होता, आणि मी थकलो होतो.

४

चार दिवसांनी दुपारी आम्ही दोघं पुढच्या खोलीत जेवायला बसलो होतो. दाराला कडी. पोलाद माझ्यासमोर, घास तोंडाशी.

मागच्या खोलीत कानस चालू झाली.

खर्र. थांबून, खर्र. पुन्हा थांबून, खर्र.

बहुतेक कारागीर कानस मागे ओढताना लोखंडावरच घासत नेतात. पोलाद परतताना ती उचलायचा, म्हणून त्याच्या दोन घासण्यांच्या मध्ये एक रिकामा श्वास असायचा. तो श्वास मला झोपेतही ओळखू आला असता. पोलादचा घास तोंडाशीच राहिला. तो कान देऊन ऐकत होता. आपल्याच आवाजात कुणी दुसरं बोलताना ऐकलं तर माणूस जसा बघेल, तसा तो बोळाकडे बघत होता.

"शेजारचा सुतार असेल," मी म्हणालो.

"शेजारी गोदाम आहे, दाजी. कुलूप आहे त्याला."

"उघडलं असेल."

मी उठलो. बोळात चार पावलं असतात. दुसऱ्या पावलाला कानस थांबली. आत कुणी नव्हतं. सुरा शिकंज्यात घट्ट धरलेला. खाली फळीवर लोखंडाचा भुगा होता, तो बोटावर घेतला तर कोमट लागला. कुंडीतलं पाणी हलत होतं, कुणी नुकताच हात बुचकळून काढावा तसं. पत्र्यातून वारा येतो. ऊन पत्र्यावर पडतं, त्यानं भुगा तापतो. मी कारणं जमवत उभा राहिलो आणि पुरेशी जमल्यावर परत आलो.

पोलाद उजवा हात उताणा धरून बसला होता. बोटांच्या रेघांत काळा, ताजा भुगा.

"मी जेवायला बसताना हात धुतले होते ना?"

"अर्धवट धुतले असशील."

"साबण तुम्हीच दिला होता."

"अरे, लोखंड आहे ते. चिकटतं."

त्यानं पुढचं जेवण डाव्या हातानं केलं. मग थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणाला, "दाजी, त्या बुधवारच्या सुऱ्याचं माप माझं आहे. वहीत तसं लिहिलंय ना तुम्ही?"

"लिहिलंय की."

"मग ठीक," तो म्हणाला. माझ्या शब्दावर त्यानं निश्चिंतपणे ताट उचललं.

५

बुधवारी तो माणूस आला, तोच कोट, तसाच खिसा. तेव्हा दुकानात आपले जुने गिऱ्हाईक, ते सर्जन डॉक्टर, नवीन सुरा बघत होते. ते इतरांना आपलं दुकान सांगतात ते एकाच वाक्यात: इथे मापाशिवाय काही होत नाही.

मी ठरवून ठेवलं होतं. आवाज हलका ठेवून म्हणालो, "साहेब, मूठ पक्की करण्याआधी एकदा आपला हात बघून घेतो. मेण तयार आहे."

"कशाला? दिलाय की तुम्ही."

"मी माप घेतलं होतं. म्हणजे, तो हात खरं तर..."

सर्जन साहेबांनी सुऱ्यावरून नजर उचलली. सहजच, कुणी बोलत असताना बघावं तशी. फक्त तीन शब्द पुढे होते: माझ्या मेहुण्याचा आहे. ते जिभेवर होते. आणि मला दिसलं की ते ऐकल्यावर सर्जन साहेब काय समजतील, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या क्लबात काय बोलणं होईल.

"खरं तर?" बुधवारनं विचारलं. तो घाईत नव्हता. मला वाटतं, तो मला संधी देत होता. अजूनही कधीकधी तसंच वाटतं.

"खरं तर फार छान बसलाय मेणात," मी म्हणालो.

"वहीत लिहिलेलं तसंच आहे?"

"तसंच आहे."

मागे ठोका पडला. ठण ठण. आणि तिसरा पडलाच नाही. थोड्या वेळानं हातोडी जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"पुढच्या बुधवारी घेऊन जातो," तो म्हणाला, आणि सर्जन साहेबांकडे बघून मान लववली. साहेब नंतर म्हणाले, "सभ्य वाटला गृहस्थ. कोण आहे?" मी म्हटलं, जुनं गिऱ्हाईक.

६

त्या आठवड्यात पोलादच्या हातातून वस्तू पडू लागल्या. आधी हातोडी, मग चिमटा, मग चहाचा कप. डॉक्टरनं शिरेचा दोष सांगितला, आराम सांगितला, गोळ्या दिल्या. मी एकदा गमतीनं हात दे म्हणून कॅलिपर लावलं. तळवा ब्याऐंशी. शहाऐंशी होता. दोन दिवसांनी लावलं तर ऐंशी. डाव्या हाताला लावून पाहिलं, तो होता तसाच. हाताचं मांस गेलं की हाडं जवळ येतात, असं मी स्वतःला सांगितलं. हाडं जवळ येतात म्हणजे कुठे जातात, ते मात्र विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी घरी तुमच्या सासूबाई त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी पट्टी बांधत होत्या. मसुराएवढा फोड.

"तापलेल्या पात्याला हात लागला आणि याला पत्ताच नाही," त्या म्हणाल्या. "मांस भाजल्याचा वास आला तेव्हा कळलं म्हणतो."

"कामात लक्ष नाही त्याचं."

त्यांनी गाठ मारली, कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय लपवताय?"

"तुला तर सगळं दिसतंच."

"दिसत नाही म्हणून विचारतेय."

पोलादच मध्ये पडला. "ताई, दाजींना कशाला धरतेस? हात माझा, दोष माझा."

दुकानात येऊन मी वही उघडली. पेन उघडलं. एक शब्द खोडायचा आणि वर एक लिहायचा, एवढंच काम. पण या वहीत मी इतक्या वर्षांत एकही खाडाखोड केली नव्हती. उद्या माल जाईल, मग निवांत खोडू, असं म्हणून मी टोपण लावलं. वेडगळ विचार करतोय, असंही मी स्वतःला म्हणालो. शब्दानं कुणाचा हात जात असता तर वकिलांच्या गावात एक हात उरला नसता.

बुधवारी तो तीन वाजता आला. उन्हं काउंटरवर आली होती. मागे पोलाद दुसऱ्या एका पात्याला चाकावर धार लावत होता. चाकाचा आवाज एकसारखा येत होता. मी सुरा कापडावर ठेवला, आणि 'पोच' लिहायला वहीवर वाकलो.

"धरून बघतो," तो म्हणाला.

कापड सरकलं. मी मान वर केली नाही. चष्म्याच्या वरच्या काठावरून जेवढं दिसलं तेवढंच सांगतो. करड्या कोटाची बाही. तिच्यातून बाहेर आलेला एक ओला हात. रेघांत काळा भुगा. अंगठ्याच्या बुडाशी मसुराएवढा फोड, पट्टी नसलेला. बोटं मुठीवर एकेक करून टेकली, आणि पाणी भांड्यात बसावं तशी बसली.

मागे चाकाचा आवाज उतरत गेला. हात काढून घेतल्यावर चाक आपोआप थांबतं, तसा.

"बरोबर बसला," तो म्हणाला. "हात चांगला सांभाळलात तुम्ही."

आणि उजव्या हातानं दार उघडून तो गेला.

मी बोळातून धावलो. तीस वर्षांत तेवढाच एकदा. पोलाद थांबलेल्या चाकासमोर उभा होता. पट्टी जमिनीवर पडलेली. उजवी मूठ छातीसमोर, आवळलेली. पूर्ण मिटलेली नव्हती. बोटं आणि तळवा यांच्यामध्ये पोकळी होती, लाकडाच्या मुठीच्या जाडीएवढी.

"दाजी, सुरा दिला त्याला?"

"दिला."

"मग माझ्या हातात काय आहे?"

७

ती मूठ उघडायला तीन आठवडे लागले. तेल लावून, शेकून, एकेक बोट. तुमच्या सासूबाईंनी केलं. हात उघडला तरी परत आला नाही. पोलादला त्यानं चमचाही धरता येत नाही. डॉक्टर शिरेचा दोष म्हणतात, आणि आपण पाहुण्यांना तेच सांगतो.

मी तो शब्द खोडला, वर 'मेहुण्याचा' लिहिलं. माल पोचल्यावर वही दुरुस्त करून आजवर कुणाचं भलं झालंय?

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता.

पुढच्या वर्षी एका दुपारी मी काउंटरवर हिशेब करत होतो आणि पोलाद पुढच्या खोलीतल्या खिडकीशी बसला होता, जागा, बाहेर बघत. त्याचा उजवा हात उठला. बोटं वळली, ती पोकळी धरून. हात पुढे गेला, मागे आला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा कशाला तरी अडल्यासारखा थांबला आणि जोर लावून आणखी वीतभर गेला. मग सावकाश खाली आला, आणि गुडघ्यावरच्या कापडावर फिरला. एकदा सुलटा, एकदा उलटा. पातं पुसतात तसा.

मग निर्जीव होऊन मांडीवर पडला.

"दाजी," तो म्हणाला, "मी काय केलं?"

"काही नाही रे. पेंग आली तुला."

त्यानं ते मानलं. त्याला अजूनही माझं खरं वाटतं. हे सगळ्यात जड जातं.

त्या दिवसापासून घरात वर्तमानपत्र बंद केलं. तुम्ही विचारलं होतंत की सासरी पेपर का येत नाही, मी डोळ्यांचं निमित्त सांगितलं. आणि त्या दिवशीच मी माप-वही उघडली, त्या ओळीच्या खाली तारीख टाकली आणि लिहिलं, 'तीन'. त्यानंतर हात हलला की मी लिहीत आलो. आज तिथे एक्केचाळीस ओळी आहेत. एकदा चार महिने काही झालं नाही. मला वाटलं संपलं, मी गिऱ्हाइकांना चहा पाजत सुटलो. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन ओळी झाल्या.

आता माझी नजर अधू झाली. परवा मी दोन लिहिले, आणि तुमच्या सासूबाई दारातून हळूच म्हणाल्या, "चार होते." म्हणजे त्याही मोजतात. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही.

म्हणून वही तुमच्याकडे. पोलाद काउंटरवरून दिसेल असाच बसतो, त्याची खुर्ची हलवू नका. हात उठला की हातातलं काम ठेवा आणि मोजा. पुसणं मोजू नका, पुढे गेलेला मोजा. तो विचारेल मी काय केलं, तेव्हा काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्यासारखं द्या असं मी सांगणार नाही. शेवटच्या रकान्यात, हात कुणाचा याच्या खाली, त्याचं नाव घालू नका. गिऱ्हाइकाचंही नको. माझं घाला, पूर्ण नाव, वळणदार अक्षरात. कीव आली म्हणून तीनचे दोन करू नका, आणि कंटाळा आला म्हणून एखादी दुपार गाळू नका. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, जावईबापू. हिशेब प्रामाणिक ठेवा.